डिस्टिल्ड वॉटरमध्येही डिप सरकतोय? ग्रेटिंग काढण्याआधी हे तपासा

भांड्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर आहे. कुणी काही घातलेलं नाही. तरी पडद्यावरची रेघ सावकाश एका बाजूला चालली आहे, म्हणजे सेन्सरच्या हिशेबाने पाण्यात काहीतरी विरघळतंय. ऑप्टिकल फायबरवर लेसरने ग्रेटिंग लिहून त्याचा रासायनिक सेन्सर करणाऱ्या प्रत्येकाला हा दिवस बघावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी नवी मुलं येतात आणि दरवर्षी हीच तक्रार घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहतात. त्यातले बरेच जण तोवर चांगलं ग्रेटिंग कापून फेकून मोकळे झालेले असतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये नसतोच.

मी कोणत्या मांडणीबद्दल बोलते आहे ते आधी सांगते. दूरसंचारात वापरतात तो साधा सिंगल मोड फायबर, कोअर (प्रकाश वाहणारा मधला गाभा) साधारण ८.२ मायक्रोमीटर, क्लॅडिंग (त्याभोवतीची काच) १२५ मायक्रोमीटर. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण सोलून कार्बन डायऑक्साइड लेसरने ठरावीक अंतरावर एकेक ठिपका तापवत जायचं. दोन ठिपक्यांमध्ये काहीशे मायक्रोमीटरचं अंतर. हे झालं लाँग पीरियड ग्रेटिंग. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश इथे कोअरमधून क्लॅडिंगमध्ये जातो आणि तिथेच विरतो, म्हणून वर्णपटात खड्डा पडतो. तोच आपला डिप. क्लॅडिंगमधल्या प्रकाशाला बाहेरच्या द्रवाचा अपवर्तनांक जाणवतो, द्रव बदलला की डिप सरकतो. ज्यांच्याकडे ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आहे ते डिप थेट बघतात. बाकीचे आमच्यासारखे १५५० नॅनोमीटरचा डीएफबी लेसर (अगदी अरुंद, एकाच तरंगलांबीचा) डिपच्या उतारावर उभा करतात आणि फोटोडायोडवर पॉवर मोजतात. स्वस्त आणि चांगली पद्धत आहे, पण या पद्धतीत दुसरं काहीही हललं तरी ते रसायनासारखंच दिसतं.

लक्षणं नीट ओळखा, अर्धं काम तिथेच होतं

हात लावण्याआधी एक तास नुसती नोंद घ्या. नुसतं पाणी, झाकण बंद, कुणी जवळ नाही. मग आलेख बघा.

- सुरुवातीला भरभर सरकतं आणि अर्ध्या-पाऊण तासात थांबतं: लेसर आणि ड्रायव्हर तापत होते.
- ठरावीक मिनिटांनी लाटेसारखं वरखाली होतं: खोलीचं तापमान. बहुधा एसीचं चालू-बंद होणं.
- दार लावलं, टेबलाला धक्का लागला, की पायरीसारखी उडी: पॅचकॉर्ड (उपकरणं जोडणारी फायबरची दोरी) किंवा कनेक्टर.
- लहान लहान, भरभर, क्रम नसलेलं थरथरणं: परत येणारा प्रकाश.
- एकदम मोठी उडी आणि तितकीच अचानक वापसी: बुडबुडा.
- रसायन घातलं, धुतलं, पाणी भरलं, तरी जुन्या आकड्यावर येत नाही: पृष्ठभागावर काहीतरी चिकटलंय किंवा (रसायन ओळखण्यासाठी ग्रेटिंगवर दिला असेल तर) लेप फुगलाय.
- दिवसेंदिवस एकाच दिशेने, अगदी हळू: डिंक, ताण किंवा ग्रेटिंग अजून स्थिरावलेलं नाही.

दोन लक्षणं एकत्रही येतात. तेव्हा मोठं आधी सोडवा, छोटं त्याच्या पोटातलंच निघू शकतं.

फुकटची तपासणी: सेन्सर बाजूला काढा

सगळ्यात आधी सेन्सर मांडणीतून काढा. लेसरची पॅचकॉर्ड सरळ फोटोडायोडला जोडा आणि एक तास नोंद घ्या. खर्च शून्य. तरी ही तपासणी बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात, कारण ज्यावर मेहनत केली त्यावरच पहिला संशय जातो. सेन्सर नसतानाही रेघ तशीच सरकत असेल तर पुढचे सगळे तर्क थांबवा, दोष लेसर, ड्रायव्हर, कनेक्टर किंवा डिटेक्टरमध्ये आहे. याच वेळी लेसर बंद करून डिटेक्टरचा अंधारातला आकडाही लिहून ठेवा. तोच हलत असेल तर प्रवर्धकाचा दोष आहे, प्रकाशाशी त्याचा संबंध नाही.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. फायबरच्या टोकात डोकावून ‘लेसर चालू आहे का’ हे कधीही बघू नका. कनेक्टर काढण्याआधी लेसर बंद करा, प्रत्येक वेळी, घाई असली तरी.

कनेक्टर

इथे थोडं थांबते, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथे सापडले आहेत.

ज्यातून प्रकाश जातो तो कोअर आठ मायक्रोमीटरचा. आपला केस त्याच्या कित्येक पट जाड. गेल्या पावसाळ्यात एक पॅचकॉर्ड फायबर तपासायच्या मायक्रोस्कोपखाली धरली, तर फेरूलच्या (कनेक्टरमध्ये फायबर धरणाऱ्या नळीच्या) पांढऱ्या चकतीवर बोटाच्या तेलाचा सप्तरंगी तवंग होता आणि कापसाचा एक तंतू बरोबर कोअरवरून आडवा गेला होता. ज्या मुलीची ती कॉर्ड होती तिने ती शर्टाच्या बाहीला पुसली होती. त्या एका तंतूपायी तिचे तीन आठवडे गेले.

पुसायचं कसं? न सुटणाऱ्या तंतूंचा खास कागद घ्यायचा, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टाकायचा, ओल्या भागावरून कोरड्या भागाकडे एकाच दिशेने एकदा ओढायचं. मागेपुढे घासायचं नाही. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. न बघता जोडायचं नाही, कारण घाण जोडली की ती दुसऱ्या चांगल्या टोकावर उमटते आणि एकाचे दोन खराब होतात. जोडणीच्या सॉकेटच्या आतलं टोकही साफ करा, ते सगळे विसरतात.

याच वेळी रंग बघा. हिरवा कनेक्टर म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळा किंवा काळा म्हणजे साधारणपणे सरळ टोकाचा. हिरव्याला निळा जोडला तर मध्ये हवेची फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकं खरवडली जातात. काचेच्या आणि हवेच्या सीमेवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. ऐकायला थोडा वाटतो, पण डीएफबी लेसरची रेषा इतकी अरुंद असते की दोन ठिकाणाहून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून व्यतिकरणाचे पट्टे तयार होतात. ही दोन ठिकाणं एक मीटर अंतरावर असतील तर दोन पट्ट्यांमधलं अंतर एक पिकोमीटरहूनही कमी भरतं. लेसरचं तापमान ०.१ अंशाने बदललं की त्याची तरंगलांबी साधारण १० पिकोमीटर सरकते, म्हणजे तेवढ्यात डझनभर पट्टे ओलांडले जातात. रेघ थरथरते ती यामुळे, आणि यासाठीच सगळीकडे एपीसी वापरा, लेसरपुढे आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा. फायबरचं जे टोक वापरात नाही, त्यावर अपवर्तनांक जुळवणाऱ्या जेलचा थेंब ठेवा किंवा ते पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा, म्हणजे तिथून काही परत येणार नाही.

पॅचकॉर्ड हलवून बघा

एक साधी चाचणी आहे. ग्रेटिंगच्या आधीची पॅचकॉर्ड बोटाने हलकेच हलवा, आकडा बघा. मग ग्रेटिंगच्या नंतरची हलवा.

दोन्हीकडे आकडा पडत असेल तर कुठेतरी वाक जास्त आहे किंवा कनेक्टर सैल आहे. साध्या फायबरला ३ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचा वाक देऊ नये, आणि वाकातून गळणारा प्रकाश १३१० पेक्षा १५५० नॅनोमीटरला जास्त गळतो. टेबलाच्या कडेवरून लोंबणारी कॉर्ड हा नेहमीचा गुन्हेगार.

पण आधीची हलवल्यावर आकडा बदलतो आणि नंतरची हलवल्यावर बदलत नाही, असं झालं तर ते ध्रुवण आहे, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. कार्बन डायऑक्साइड लेसर फायबरवर एकाच बाजूने पडतो. ती बाजू जास्त तापते, दुसरी कमी, आणि अपवर्तनांकातला बदल फायबरच्या आसाभोवती सारखा राहत नाही. म्हणून अशा ग्रेटिंगचा डिप दोन ध्रुवणांसाठी किंचित वेगळ्या जागी असतो. लेसरचा प्रकाश ध्रुवित असतो आणि साध्या फायबरमध्ये नुसत्या वाकाने, पिळाने, स्पर्शाने त्याचं ध्रुवण बदलत राहतं. पंख्याच्या वाऱ्याने कॉर्ड हलली तरी डिप सरकल्यासारखा दिसतो, आणि पाण्यात मात्र काहीच घडलेलं नसतं.

उपाय स्वस्तात स्वस्त: लेसरपासून ग्रेटिंगपर्यंतची सगळी कॉर्ड टेबलाला चिकटपट्टीने दर वीतभर अंतरावर बसवून टाका. मी तर त्यावरून पुठ्ठ्याचं झाकणही घालते. त्याहून चांगलं हवं असेल तर तीन पाकळ्यांचा ध्रुवण नियंत्रक घ्या, आकडा टोकाला न्या आणि तिथेच सोडा. टोकाशी असताना छोट्या बदलाचा परिणाम सगळ्यात कमी होतो. पुढची ग्रेटिंग लिहाल तेव्हा फायबर फिरवून दोन-तीन बाजूंनी लेसर द्या, मूळ दुखणंच कमी होईल.

तापमान

आता आकडेमोड करू, कारण ‘एका अंशाने काय होतंय’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

पंचवीस अंशांच्या आसपास पाणी एक अंशाने तापलं की त्याचा अपवर्तनांक सुमारे ०.०००१ ने कमी होतो. पाण्यात वजनाने एक टक्का साखर घातली तर तो सुमारे ०.००१४ ने वाढतो. म्हणजे एक अंशाचा फरक म्हणजे लिटरमागे साधारण ०.७ ग्रॅम साखरेचा फरक. आणि हा झाला फक्त पाण्याचा हिशेब. साध्या फायबरवरचं लाँग पीरियड ग्रेटिंग स्वतःच दर अंशाला ३० ते १०० पिकोमीटर सरकतं, आणि पाण्यात बुडालेलं असताना हा वाटा पाण्याच्या वाट्यापेक्षा बराच मोठा असतो.

दुर्दैवाने बहुतेक ग्रेटिंगमध्ये दोन्ही बदल एकाच दिशेला जातात. थंड झालं की डिप कमी तरंगलांबीकडे सरकतो, आणि बाहेरच्या द्रवाचा अपवर्तनांक वाढला तरी तिकडेच सरकतो. एसी सुरू झाला की पाण्यात साखर पडल्यासारखं दिसतं. आमच्याकडे एका मुलाच्या आलेखात दर बारा मिनिटांनी सुरेख लाट यायची. तो त्यात रासायनिक अभिक्रियेचा वेग शोधत होता. मी त्याला खिडकीतल्या एसीचा आवाज ऐकत घड्याळ लावायला सांगितलं.

करायचं काय: पाण्याच्या भांड्यातच, ग्रेटिंगच्या शेजारी, ०.१ अंश दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि त्याची नोंद सिग्नलच्या बरोबरीने घ्या. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले की डोळ्यांनाच कळतं. भांडं थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. जे द्रव वापरणार आहात ते सगळे रात्रभर त्याच खोलीत ठेवा, फ्रिजमधून काढलेला नमुना लगेच ओतू नका. कायमचा उपाय हवा तर त्याच फायबरवर एक साधं ब्रॅग ग्रेटिंग जोडा. त्यातला प्रकाश कोअरमध्येच राहतो, बाहेरच्या द्रवाचा त्याला पत्ता नसतो, आणि १५५० नॅनोमीटरला ते दर अंशाला साधारण १० पिकोमीटर सरकतं. म्हणजे आयता थर्मामीटर. मात्र ते वाचायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर किंवा इंटरोगेटर लागतो, म्हणून हा उपाय नंतर.

बुडबुडे

भिंग घ्या आणि फायबरवर टॉर्च मारून आडवं बघा. गार पाणी खोलीत तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर येते आणि सोललेल्या काचेवर मोत्यांसारखी चिकटून बसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा १, त्यामुळे तेवढ्या भागापुरता सेन्सर कोरडा होतो. पाणी उकळून, झाकून, गार करून वापरा. वाहतं भांडं असेल तर पाणी खालून वर न्या, म्हणजे हवा अडकणार नाही.

फायबर कशावर आणि कसा चिकटवलाय

इथून पुढे हात घालायचा तर ग्रेटिंग तुटण्याची शक्यता आहे, म्हणून वरचं सगळं करून झाल्यावरच इकडे या.

आमचा पहिला चॅनेल अ‍ॅक्रिलिकचा होता. कापायला सोपं, पारदर्शक, स्वस्त. दोन्ही टोकांना इपॉक्सीने फायबर घट्ट बसवला होता. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला लांबीच्या दहा लाखात सुमारे ७० भाग वाढतं, काच जेमतेम अर्धा भाग. म्हणजे खोली एक अंशाने तापली की फायबर जवळपास ७० मायक्रोस्ट्रेनने (लांबीच्या दहा लाखात ७० भागांनी) ताणला जातो. शेजारचं ब्रॅग ग्रेटिंग दर मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर सरकतं, म्हणजे एका अंशाच्या बदलाला ते आणखी आठ अंशांएवढं खोटं सांगतं. लाँग पीरियड ग्रेटिंगला तर ताणाहून वाकाचं जास्त वावडं. फायबर किंचित सैल पडला तरी डिप सरकतो आणि उथळ होतो.

आता आम्ही फायबर एकाच टोकाला चिकटवतो. दुसरं टोक छोट्या चाकावरून नेऊन त्याला काही ग्रॅमचं वजन टांगतो. चॅनेल वाढो वा आकसो, ताण तोच राहतो. इपॉक्सी लावल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या. ‘पाच मिनिटांत’ सुकणाराही पुढे बराच वेळ आकसत असतो, आणि पाण्यात बुडलेला डिंक पाणी पिऊन फुगतो, म्हणून डिंकाची जागा पाण्याबाहेर ठेवा.

पृष्ठभाग आणि लेप

पाणी, एक टक्का साखरेचं पाणी, पुन्हा पाणी. हे तीन वेळा करा. तिन्ही वेळा पाण्याचा आकडा जुळला तर पृष्ठभाग ठीक. प्रत्येक वेळी थोडा पुढेच राहिला तर काहीतरी साचतंय. पाण्यात काचेच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे मिथिलीन ब्ल्यूसारखे धन प्रभाराचे रंग आणि बरीच प्रथिनं तिला धरून बसतात. इथेनॉलने, मग भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. सोलताना राहिलेले आवरणाचे तुकडेही बघा, ते अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कागदाने हलकेच निघतात. लेप दिलेला असेल तर मात्र अ‍ॅसिटोन नको.

सोल-जेल किंवा पॉलिमरचा लेप पहिल्या दिवशी पाणी पितो, त्यातला सैल रंग बाहेर येतो. नवा लेप, ज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मोजणार आहात त्यातच रात्रभर भिजवून मगच कॅलिब्रेशन करा. भिंगाखाली लेपाची कड उचललेली दिसली तर तो सुधारत बसू नका, काढून नवा द्या.

ग्रेटिंग

एवढं सगळं होऊनही हळूहळू सरकत असेल तरच ग्रेटिंगकडे वळा. हायड्रोजन भरलेल्या फायबरवर अतिनील लेसरने लिहिलेलं असेल तर हायड्रोजन बाहेर पडेपर्यंत डिप कित्येक नॅनोमीटर सरकत राहतो. अशा ग्रेटिंगला १०० ते १५० अंशांवर काही तास शेकावंच लागतं. कार्बन डायऑक्साइड लेसरने लिहिलेली ग्रेटिंग या बाबतीत बरीच स्थिर असतात. त्यांच्यात मी ठिपक्यांपाशी तडा किंवा खाच आहे का ते बघते. तडा असेल तर ते बाजूला ठेवायचं. न असेल तर त्याला चिठ्ठी लावून, तारीख लिहून डब्यात ठेवा, फेकू नका. आमच्या डब्यातली निम्मी ‘खराब’ ग्रेटिंग नंतर नीट चालली.

इथे थांबा

लेसरचं पॅकेज स्वतः उघडू नका. सेन्सर नसताना, साफ कनेक्टरवर, तासभर तापवूनही पॉवर हलत असेल तर तो ड्रायव्हर किंवा आतल्या थंड करणाऱ्या भागाचा दोष आहे, तो पुरवठादाराकडेच जाऊ द्या. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावरच्या स्थिर विजेच्या एका ठिणगीने लेसर डायोड जातो, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा नसेल तर त्याच्या पिनांनाही हात नको.

कार्बन डायऑक्साइड लेसरच्या काचेच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात. नळी फिकट पेटते, पाणी गळतंय, ठिपके असमान पडतायत, असं दिसलं की मुख्य स्विच बंद करा आणि प्रशिक्षित माणसाला बोलवा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्रभार राहतो. या लेसरचा किरण अदृश्य असतो आणि डोळ्याचा बाह्यपडदा जाळतो. १०.६ मायक्रोमीटरसाठी प्रमाणित चष्म्याशिवाय आणि इंटरलॉक (झाकण उघडताच लेसर बंद करणारा स्विच) काढून आरशांची जुळवणी कुणीही करू नये, मार्गदर्शकांनी सांगितलं तरी.

क्लॅडिंग पातळ करण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरायची कल्पना सुचली असेल तर ती तिथेच सोडा. त्वचेतून ते आत शिरतं आणि वेदना उशिरा कळतात. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, योग्य फ्यूम हूड आणि प्रशिक्षित व्यक्ती नसेल तिथे त्याची बाटलीही नको.

फायबरचा तुकडा बोटात घुसून तुटला आणि दिसत नसेल तर पिनने उकरू नका, डॉक्टरांकडे जा. डोळ्यात गेला असं वाटलं तर चोळू नका, तडक नेत्रतज्ज्ञ गाठा.

तंत्रज्ञाला बोलवाल तेव्हा चार गोष्टी तयार ठेवा: सेन्सरशिवायचा एक तासाचा आलेख, त्याच वेळची खोलीच्या तापमानाची नोंद, दोन्ही कनेक्टरांच्या टोकांचे मायक्रोस्कोपखालचे फोटो, आणि ड्रायव्हरवर ठेवलेला करंट व तापमानाचा आकडा. हे हातात असेल तर त्याला पहिला दिवस तुमच्या कॉर्ड पुसण्यात घालवावा लागत नाही.